वीतभर उंच गाडी

तातेरावच्या पिकअपचा सायलेन्सर पुन्हा पांदणीत गळून पडला. गाडी पुढे गेली, सायलेन्सर मागे राहिला, आणि तातेराव दुधाचे डबे घेऊन साऱ्या शिवाराला जागं करत जालन्याला पोचला. डेअरीच्या रखवालदाराने तो आवाज लांबूनच ऐकून फाटक उघडून ठेवलं, एवढाच काय तो फायदा झाला. येताना त्याने सायलेन्सर उचलून मागे टाकला आणि घरी आल्यावर हातपाय धुण्याआधीच जाहीर केलं, की आता गाडी उचलून घ्यायची.

"उचलून म्हंजे?" कांताबाईने विचारलं.

"खालून कमानीचे पाटे टाकायचे, वर करायची. मंग पांदण कितीबी खोल होऊ दे, बूड घासनार न्हाई."

कांताबाईने भाकरी ताटात टाकली. "त्यापेक्षा पांदणीतच मुरूम टाकला तर?"

हा प्रश्न ती दर दिवाळीला विचारत असे, आणि दर दिवाळीला तातेरावचा घास घशात अडकत असे. राजूरपासून थोड्या अंतरावर त्यांची शेतवस्ती. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत जायला ही एकच पांदण. वाटणी झाली तेव्हा मोजणीवाल्याने नेमकी पांदणीच्या मधोमध साखळी धरली. त्यामुळे डाव्या चाकाची चाकोरी तातेरावच्या वाट्याला आली आणि उजव्या चाकाची त्याच्या चुलत भावाच्या, अप्पारावच्या. आता डाव्या चाकोरीत तेवढा मुरूम टाकावा तर गाडी एका अंगावर कलंडणार. दोन्हीत टाकावा तर अप्पारावच्या जमिनीची फुकट दुरुस्ती होणार. आणि वर त्याच मुरमावरून अप्पारावची जीप ऐटीत चालणार. तिकडे अप्पारावही असाच हिशेब मांडून बसलेला होता. म्हणून दोघा भावांच्या एकमताने पांदण दरवर्षी वीतभर खोल जात होती, आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाड्यांची पोटं खरवडत होता.

"माझ्या मुरमावरून त्याची जीप? बिलकुल न्हाई," तातेराव म्हणाला. "आन् आठ रोजांवर अंगारकी आली. आईला गणपतीला घासत, दणके खात नेऊ काय? राजूरच्या चौकात माझी आई अशी उतरली पाह्यजे, की लोकांनी मान वर करून पाहावं."

झुंबरबाई ओसरीवर वाती वळत होती. तिने मान वर केली नाही. तिच्यासाठी पिकअप म्हणजे दर चतुर्थीची पुढची जागा, खिडकीशी, मांडीवर नारळाची पिशवी. बाकी मागे काय भरलंय, दूध की सरकी की माणसं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. गुडघे गेल्यापासून घराबाहेर पडायचं निमित्त तेवढं एकच राहिलं होतं, आणि ते देणारा मुलगा आपण आहोत याचा तातेरावला खरोखर अभिमान होता. अप्पारावही आपल्या काकूला नेऊ शकला असता, त्याची जीप रोज तिकडूनच जायची. पण वाटणीनंतर या घरच्या माणसाने त्या जीपमध्ये पाय ठेवायचा नाही, असा तातेरावचा कायदा होता. कायदा करताना आईला विचारायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दूध घालून तो थेट अंबड रोडला बद्रीनाथ मिस्त्रीकडे गेला. बद्रीनाथ कमानपाट्यांचं काम करी. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते तो शेवटपर्यंत ऐकायचा, आणि त्याला हवं तेच त्याच्या गाडीत बसवायचा. त्यामुळे त्याचं नाव चांगलं होतं.

"गाडी रोज चालवायची हाय का मिरवायची हाय?" त्याने विचारलं.

"दोन्ही," तातेराव म्हणाला.

मिस्त्रीने गाडीखाली डोकं घालून पाहिलं आणि उपाय सांगायला घेतले. मागे एकेक पाटा वाढवला तर गाडी दोन बोटं वर येईल, वजन झेलेल, फार दणके बसणार नाहीत. पाट्यांखाली लोखंडी गुटके घातले तर आणखी वर येईल, पण वळणावर झुलेल. मोठी टायरं घातली तर ऐट येईल, पण घाटात इंजिनाचा दम जाईल. रोज दुधाचे डबे न्यायचे असतील तर दोन बोटं पुष्कळ, असंही त्याने सांगून टाकलं. तातेरावने हे सगळं नीट ऐकलं, समजल्यासारखी मान हलवली, आणि मग मनात होतं ते विचारलं.

"अप्पारावची जीप किती वर हाय?"

"ती मीच उचलल्ती. चार बोटं. पन मंग त्यांनी..."

"माझी वीतभर कर."

बद्रीनाथचं तोंड उघडं होतं ते त्याने मिटलं. धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कळतं, की वीतभर मागणाऱ्याला मधेच थांबवू नये. त्याने आधी तातेरावची वीत मोजून घेतली. मग वाढीव पाटे, त्यांच्याखाली गुटके, वर नवी टायरं, म्हणजे जे तीन वेगळे उपाय होते ते त्याने एकाच गाडीत बसवले.

संध्याकाळी पिकअप वस्तीवर आली तेव्हा कुत्री भुंकायची विसरली. पांदणीतून ती एकदाही न घासता आली होती. मधला उंचवटा खालून नुसता बघत राहिला. तातेराव अप्पारावच्या दारासमोरून विनाकारण एकदा पुढे गेला आणि विनाकारण मागे आला. अप्पाराव बैलाला पेंड घालत होता. त्याने गाडीकडे पाहिलं, गाडीच्या खालून पलीकडचं आपलं शेत पाहिलं, आणि तो पुन्हा पेंड घालू लागला. तातेरावला त्या रात्री फार छान झोप लागली.

सकाळी गडी कचरू दुधाचा डबा घेऊन गाडीशी आला. रोज तो डबा कमरेपर्यंत उचलून गाडीच्या मागच्या फळीवर सरकवायचा. आज फळी त्याच्या छातीशी होती. त्याने डबा खाली ठेवला, फळीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि तो दुसरा माणूस आणायला गेला. दुसरा माणूस मिळेपर्यंत उशीर झाला. उशीर भरून काढायला तातेरावने गाडी जोरात सोडली, तेव्हा पाटे किती कडक आहेत हे त्याच्या आणि दुधाच्या एकदमच ध्यानात आलं. डेअरीत डब्याचं झाकण उघडलं तर झाकणाला आतून लोण्याचे गोळे लागलेले.

"तातेराव, दूध घालायचं का ताक?" डेअरीचा माणूस म्हणाला.

कांताबाईने परत आलेले डबे पाहिले आणि रवी खुंटीला टांगून ठेवली. आता तिचं काम उरलं नाही, असं ती शेजारणीला सांगताना तातेरावने ऐकलं. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. मग डबे हिंदकळू नयेत म्हणून तो बैलगाडीच्या चालीने जालन्याला जाऊ लागला. वळणावर गाडी अशी झुलायची, की समोरून येणारे ड्रायव्हर आपली गाडी कडेला घेऊन, ही नेमकी कुठल्या बाजूला पडते ते बघत थांबायचे. रोज सडकेवर मागून अप्पारावची जीप यायची, हॉर्न द्यायची आणि पुढे निघून जायची. तातेराव वरून तिचं टप पाहायचा. टप चार ठिकाणी गंजलेलं होतं, एवढंच समाधान त्याला मिळायचं.

हे सगळं त्याने सोसलं, कारण अंगारकी यायची होती.

मंगळवारी सकाळी झुंबरबाई नवं लुगडं नेसून, नारळाची पिशवी घेऊन अंगणात आली. तातेरावने गाडीचं दार उघडलं. दार झुंबरबाईच्या डोक्याच्या बरोबरीने उघडलं. तिने पायरीसाठी पाय उचलला, पायरी कुठे आहे ते पाहिलं आणि पाय परत जमिनीवर ठेवला.

आधी पाट आणला. पाटाने काही होईना म्हणून पाटावर पालथं घमेलं घातलं. झुंबरबाईने घमेल्यावर पाय दिला तर घमेलं वाजलं, ती घाबरली. मग कडब्याच्या पेंढ्या रचल्या, त्या खचल्या. शिडी लावली, तेव्हा गुडघे म्हणजे काय हे आईने मुलाला चार शब्दांत समजावून सांगितलं. एव्हाना वस्तीवरची माणसं जमली होती, आणि सल्ला द्यायला कुणी मागे राहिलं नव्हतं. कुणी म्हणालं, गाडी खड्ड्यात उभी करा. कुणी म्हणालं, आजीला उकिरड्याच्या टेपाडावर न्या आणि गाडी तिथं लावा. नवं लुगडं नेसलेल्या आपल्या आईला उकिरड्यावर उभं करायचं तातेरावला पटेना. मग त्यालाच सुचलं, आणि त्याला वाटलं हे नामी सुचलं.

"बाज आना," तो म्हणाला. "आई बाजेवर बसंल. चार कोपरे चौघांनी धरायचे, खांद्याइतकं उचलायचं, की आई बराबर दारात."

बाज आली. चार दांडगी माणसं चार कोपऱ्यांना उभी राहिली. झुंबरबाईने त्या चौघांकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं.

"तात्या," ती म्हणाली, "चौघांनी खांद्यावर न्यायची येळ आजून आली न्हाई माझी. आली की सांगीन. तवर मला पायांनी चढंल अशी गाडी पाह्यजे."

कुणी हसलं नाही, कारण कुणाची हिंमत झाली नाही. नेमकी त्याच वेळी अप्पारावची जीप आली आणि माणसांनी वाट अडवलेली पाहून थांबली. हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्याने. झुंबरबाई काठी टेकत जीपपाशी गेली. दार उघडलं. एक पाय आत, मग दुसरा, आणि ती बसलीसुद्धा.

"अप्पा, राजूरला चाल," ती म्हणाली. "आन् पिशवी धर माझी."

"व्हय काकू," अप्पाराव म्हणाला, आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच तो तातेरावच्या अंगणात हसला.

तातेराव रिकामी पिकअप घेऊन मागोमाग गेला. जीप पांदणीत आदळत होती, पोट खरवडत होती, आणि मागून उंचावरून तातेरावला आपल्या आईचं पांढरं डोकं दर दणक्याला वर उडताना दिसत होतं. राजूरच्या चौकात लोकांनी मान वर करून त्याच्या गाडीकडे खरंच पाहिलं. गाडीत आई तेवढी नव्हती. त्याला फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो डेअरीतून परतला तर पांदणीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. अप्पाराव मुरूम ओतून घेत होता, आणि तोही दोन्ही चाकोऱ्यांत. तातेरावने गाडी थांबवली. काय चाललंय असं विचारावं तर बोलणं बंद, न विचारावं तर चाकोरी आपली.

"काकूची कंबर भरली काल," अप्पाराव ट्रॅक्टरकडे बघत, जणू ट्रॅक्टरलाच सांगत म्हणाला. "पुढल्या चतुर्थीला न्यायचं हाय त्यांना."

म्हणजे आता रस्ता अप्पारावचा, मुरूम अप्पारावचा, आणि आईही अप्पारावच्या गाडीत. सपाट पांदणीतून तातेरावची वीतभर उंच गाडी घरी आली, तेव्हा तिच्या उंचीला काही म्हणजे काही काम उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठून तो थेट बद्रीनाथकडे गेला.

"उतरव," तो म्हणाला.

बद्रीनाथने आश्चर्य दाखवलं नाही. टायरं काढली, गुटके काढले, पाटे खाली घेतले. पाटे भिंतीला लावताना त्याने त्यांच्यावर हात फिरवला. "माल चांगला हाय. दुसऱ्यांदा आला माझ्याकडं."

"दुसऱ्यांदा म्हंजे?"

"अप्पारावच्या जीपचेच व्हते हे. त्यादिवशी सांगायलो व्हतो, तुमी ऐकून घेतलं न्हाई. चार बोटं उचलून नेली आन् आठ दिवसांत उतरवायला आले. म्हनले, घरात म्हातारी काकू हाय, आज ना उद्या बसंल जीपमधी. तिला चढता आलं पाह्यजे."

तातेराव टायरच्या ढिगावर बसला. इतके दिवस आपण अप्पारावच्याच पाट्यांवर बसून अप्पारावच्या वर राहायला बघत होतो, हे त्याला गिळवेना. आणि ते दुसरं, काकूचं, ते तर त्याहून गिळवेना. मिस्त्रीने चहा मागवला. तातेरावने तो थंड झाल्यावर प्यायला.

माणूस सुधारायची वेळ खरी हीच असते. तातेराव सुधारलाही, पण आपल्या पद्धतीने. परतताना त्याने खदानीवर गाडी थांबवली आणि संध्याकाळपर्यंत अप्पारावच्या मुरमावर आपल्या मुरमाचा थर चढवून घेतला.

"चांगला तर व्हता रस्ता," कांताबाई म्हणाली.

"खाली त्याचा हाय. वरचा आपला. आई आता आपल्या मुरमावरून जाईल."

हे अप्पारावला कळायला रात्रही लागली नाही. काकू तात्याच्या मुरमावरून जाणार म्हटल्यावर त्याने आणखी एक थर ओतला आणि वर पाणी मारून रोलर फिरवला. तातेरावने कडा बांधून घेतल्या. अप्पारावने नाली काढली. पुढच्या चतुर्थीपर्यंत पांदण दोन्ही शेतांपेक्षा वर आली. मोजणीवाल्याची खूण तिच्या पोटात कुठेतरी गडप झाली. तालुक्यात असा रस्ता नव्हता, असं लोक म्हणू लागले.

चतुर्थीच्या सकाळी एका दारात पिकअप धुऊन उभी होती, पुन्हा पहिल्याइतकी बुटकी. तिच्या बाजूला तातेराव उभा होता. दुसऱ्या दारात जीप उभी होती, तिचं गंजकं टप रंगवलेलं, आणि बाजूला अप्पाराव. दोघांनी आपापल्या गाडीचं दार उघडून धरलं होतं. झुंबरबाई पिशवी घेऊन बाहेर आली. तिने एका दाराकडे पाहिलं, दुसऱ्या दाराकडे पाहिलं, आणि मग काठीने रस्त्यावर दोनदा ठोकून पाहिलं.

"चांगला केला रे दोघांनी," ती म्हणाली. "पाय कुठंच अडखळंना. आता सडकंपर्यंत मी पायीच जाते, तिथून एसटी हाय राजूरला. गुडघेबी मोकळे व्हतील."

आणि ती निघाली. तातेराव गाडीत बसला, अप्पाराव जीपमध्ये बसला. आई पुढे, तिला ओलांडून कसं जाणार, म्हणून दोघांनी पहिला गिअर टाकला. रस्ता आता दोन गाड्या शेजारी चालतील इतका रुंद झाला होता. सडकेपर्यंत दोघे भाऊ काच खाली करून, आईच्या चालीने, एकमेकांच्या बरोबरीने चालत राहिले. शेवटी तातेरावनेच तोंड उघडलं.

"अप्पा," तो म्हणाला, "येताना तिला कोन आननार?"