कोरडी बाटली

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी शिंप्याच्या गळ्यातली गाठ लिंबाएवढी झाली. स्वतः शिवलेल्या सदऱ्याचं वरचं बटण त्याला लग्नात लावता आलं नाही. ते काही शिंपीणबाईंना बघवेना. त्यांनी नवऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे नेमकी एक तुलना चालू होती. थायरॉइडची गाठ काढताना रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधाव्यात की यंत्राने तापवून बंद कराव्यात? कोणत्या रोग्याला काय, हा निर्णय बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर होता. शिंप्याच्या पाकिटातून यंत्र निघालं.

"दोरा निघाला असता तर बरं होतं," शिंपी म्हणाला. "दोऱ्याची पारख आहे मला."

"गप्प बसा. जन्मभर दोराच ओढलात," असं म्हणत बाईंनी चार पानी संमतीपत्रावर न वाचता सही केली.

शस्त्रक्रिया झाली. गळ्यातून निघालेली बारीक नळी एका बाटलीत सोडली होती. चोवीस तासांत बाटलीत जितकं कमी रक्त, तितके पद्धतीला गुण जास्त. दुपारी तीनला बाटली कोरडी ठणठणीत होती. सिस्टरने तक्त्यात आनंदाने शून्य लिहिलं.

बाईंनी मात्र तीस वर्षं कॉलर कापल्या होत्या. त्यांनी पिशवीतून टेप काढली आणि गळ्याच्या मलमपट्टीवरूनच माप घेतलं. पंधरा इंच. अर्ध्या तासाने सोळा.

"सिस्टर, यांचा गळा फुगतोय. नळी तुंबली असेल, रक्त आतच साठतंय."

"बाटली बघा ना. थेंब तरी आहे का?"

"अहो, मी गळ्याचं सांगतेय!"

"मावशी, तक्त्यात गळ्याचा रकाना नाही."

तरुण डॉक्टर आले. माणूस चांगला होता. त्यांनी टेप नीट निरखून पाहिली.

"ही प्रमाणित आहे का?"

"हिच्यावर अर्ध्या गावाचे सदरे शिवलेत."

डॉक्टरांनी कोठारातून प्रमाणित टेप मागवली. कोठारात ती होती, पण कंबरेच्या अभ्यासासाठी राखून ठेवलेली. तोवर शिंप्याचा आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी लागली.

"टाके उसवा हो! नाहीतर मी उसवते, कात्री आहे माझ्याकडे!"

सिस्टरने कात्री काढून घेतली. निर्जंतुक नव्हती.

"रक्तस्राव शून्य असताना टाके उसवले, तर काय म्हणून नोंद करायची?" डॉक्टर कळवळून म्हणाले. "प्रमुखांची सही हवी."

प्रमुख वरच्या मजल्यावर तुलनेची प्रगती सांगत होते. साडेचारला अर्ज वर गेला. पाचला सही होऊन खाली आला.

मधल्या वेळात शिंपी गळ्याशी चाचपडत म्हणाला, "वरचं बटण काढ गं."

बटण उघडंच होतं.

अहवालात यंत्र सरस ठरलं. शिंप्याची बाटली तर सगळ्यांत कोरडी. मृत्यूचा रकाना तक्त्यात होता, पण तो चोवीस तासांनंतर सुरू होत होता.

घरी भेटायला आलेली शहाणी माणसं बाईंना एकच विचारत, "पण बाटलीत रक्त नव्हतं ना?" नव्हतं म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडे. दवाखान्याने आपलं काम चोख केलं होतं. बाई टेप दाखवू लागल्या की माणसं घड्याळ बघत. तुम्हीही पाहिलं असतंत.

शिंपी धाकटीच्या लग्नानंतर सहाव्या महिन्यात, मंगळवारी दुपारी, पाचला दहा मिनिटं कमी असताना वारला.