रोकडेकाकांचं नाक

आमच्या शेजारचे रोकडेकाका आले की आधी त्यांचं नाक घरात यायचं आणि मग काका. दार उघडलं की "कशी आहेस" वगैरे काही नाही. उंबऱ्यातच मान जरा वर करायची, एक लांब श्वास ओढायचा आणि निकाल द्यायचा. "मेथी. लसूण जास्त पडलाय. आणि कुणीतरी तंबाखूवाला येऊन गेलाय." मग चपला काढायच्या. तो तंबाखूवाला म्हणजे माझे सासरे होते, आणि ते येऊन गेले नव्हते, आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते, ही गोष्ट वेगळी.

काका बदलापूरच्या एमआयडीसीत एका सेंटच्या कंपनीत होते. साबणात, पावडरीत, अगरबत्तीत घालायचे वास तिथे तयार व्हायचे आणि ते पास करायचं काम काकांचं. रिटायर होऊन अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये ते कायमचे घरी बसले, पण नाक काही रिटायर झालं नाही. "नाकाला विचारा" हे त्यांचं पालुपद. मासळी ताजी आहे का, नाकाला विचारा. मुलीला स्थळ आलंय, नाकाला विचारा. त्यांच्या मते प्रत्येक वासाला तीन मजले असतात, वरचा, मधला आणि बुडाचा. "वरचा लबाड असतो गं. दारात हसून बोलतो आणि पळतो. बुडाचा खरा. तो बसून राहतो." माणसांनाही ते हाच हिशेब लावायचे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यांनी भर मीटिंगमध्ये "तुम्ही नुसते वरचेच" असं सुनावलं होतं. तो बिचारा त्याचा अर्थ विचारत अजून फिरतोय.

काकांच्या मागे कायम शालनकाकू असायच्या. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्स घरी आणायच्या आणि त्यांचे लोंबणारे दोरे कापून द्यायच्या, हा त्यांचा उद्योग. काका दारात श्वास ओढत असले की काकू त्यांच्या खांद्याआडून हळूच म्हणायच्या, "मेथी का गं, सुनीता?" की लगेच काका गरजायचे, "मेथीच!" मला वाटायचं, बाई प्रेमळ आहेत, पण आगाऊ. बिचाऱ्याची एकच कौतुकाची गोष्ट, तीही धड करू देत नाहीत.

काकू एका दुखण्यात भरकन गेल्या. त्यानंतर काकांचं नाक चुकायला लागलं. एकदा मी बोंबील तळत होते तर काका दारातून म्हणाले, "पुरणपोळी! एकदम फर्स्ट क्लास!" आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले. मग हळूहळू निकाल देणंच थांबलं. "काहीतरी चांगलं शिजतंय," एवढंच म्हणायचे. वय झालं, असं आम्ही धरून चाललो.

काकूंच्या मागे घरात उरली ती ठकी. काकूंची लाडकी मांजर, अंगाने भरलेली आणि स्वभावाने खाष्ट. काका तिचं खाणंपिणं सांभाळायचे आणि ती त्यांच्याकडे भाडं थकलेल्या भाडेकरूकडे बघावं तशी बघायची. मांडीवर बसणं तर सोडाच.

काकूंनी शिवणासाठी जमवलेली जीन्सची कातरणं पोतंभर उरली होती. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एक सिंधी बाई भटक्या मांजरांसाठी आसरा चालवायच्या. त्यांना सगळे दादी म्हणत. मांजरांच्या अंथरुणाला होतील म्हणून काका ती कातरणं त्यांना द्यायला गेले. पोतं देऊन आले ते भाजीच्या करंडीत एक मांजर घेऊन. हाडांचा सापळा, डोळे चिकटलेले आणि नाकातून धार. दादींनी त्यांना बजावलं होतं, "भाईसाब, इसको मत ले जाओ. नाक बंद है, कुछ खाती नहीं. तुमची घरवाली मांजर पण बीमार पडेल." काकांनी ऐकलं नाही. नाव मात्र लगेच ठेवलं, शेंबडी.

मग काकांच्या घराचा दवाखाना झाला. शेंबडी बाथरूममध्ये, ठकी आतल्या खोलीत, आणि मधल्या पॅसेजमध्ये खडूची रेघ. रेघेच्या अलीकडच्या चपला वेगळ्या, पलीकडच्या वेगळ्या. शेंबडीकडे जाताना कंपनीतला जुना पांढरा कोट चढवायचा, बाहेर येताना तो खिळ्याला टांगायचा आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. काका स्वतः अंघोळीला आमच्याकडे यायला लागले, कारण त्यांचं बाथरूम पेशंटने अडवलेलं. "क्रॉस होता कामा नये," हे नवं पालुपद. कंपनीत एका बाटलीचा वास दुसरीला लागू नये म्हणून म्हणत असावेत, तेच इथे आलं. आणि फिनेल! सकाळ-संध्याकाळ फिनेलने फरशी पुसायची. वास जिन्यातून खाली दुकानापर्यंत जायचा.

"काका, फिनेल जरा कमी घाला हो. डोळ्यांतून पाणी येतंय," मी एकदा म्हटलं.

"येतंय का?" त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरून कुतूहलाने बघितली. "बरं मग, काम करतंय."

शेवटी माझा पारा चढला. "एवढी ठकीची काळजी आहे, तर हे आजारी मांजर घरात आणलंतच कशाला?"

काका तव्यावर सुकट भाजत होते. वास उग्र यावा म्हणून अगदी करपेपर्यंत भाजायचे. "सुनीता, मांजराला वास आला नाही ना, तर ते खात नाही. भूक असते, ताट समोर असतं, पण त्याला वाटतं समोर काहीच नाही. असं उपाशी मरतं. मला बघवलं नाही." मग गरम सुकट वाटीत घेऊन, कोट चढवून, रेघ ओलांडून ते बाथरूममध्ये गेले. आत बराच वेळ त्यांचं चाललं होतं, "घे गं, नाकाला विचार. विचार तरी." आणि एका दुपारी शेंबडीने विचारलं. वाटी चाटल्याचा आवाज आला तेव्हा काकांनी आतूनच मला हाक मारली, त्यांचा आवाज फाटला होता.

त्यानंतरच्याच रविवारची गोष्ट. संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. श्वास ओढला नाही, मान वर केली नाही.

"ठकी शिंकली," ते म्हणाले. "सकाळपासून शिंकतेय. आणि कपाटाकडे गेलेली नाही."

"कपाटाकडे म्हणजे?"

"जरा येतेस का घरी? नाकाचं काम आहे."

रोकडेकाकांनी नाकाचं काम मला सांगावं! मी तशीच उठले. त्यांच्या आतल्या खोलीत पाय टाकला आणि मलाच तीन शिंका आल्या. बंद खिडक्या आणि फिनेलचा नुसता भपकारा. ठकी खिडकीला नाक लावून, पाठ करून बसली होती.

"अहो काका, ती आजारी नाही, फिनेलने शिंकतेय! इथे माणूस गुदमरेल. तुम्हाला एवढा वास येत नाही?"

मी खिडक्या उघडत होते. शेवटची उघडून मागे वळले.

"नाही येत," काका म्हणाले. "किती तरी वर्षं झाली. एका तापात गेला तो परत आलाच नाही. कंपनीत सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. मग वासात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या मी जेवणाच्या डब्यातून घरी आणायचो. शालन हुंगायची आणि सांगायची, हा पास, हा नापास. सही माझी, नाक तिचं. तुम्ही ज्या साबणाने अंघोळ करता ना, तो तुझ्या काकूने पास केलाय." ते जरासे हसले. माझ्या डोळ्यांपुढे काकू आल्या, खांद्याआडून हळूच "मेथी का गं?" विचारणाऱ्या.

फिनेल त्या दिवशीच बंद झालं आणि ठकीची शिंकही दोन दिवसांत थांबली. मांजरांच्या डॉक्टरांनी फिनेलवरून काकांनाच झापलं. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी काकांना ठकीच्या तब्येतीपलीकडचं काहीतरी विचारायचं होतं. त्यांनी कपाट उघडलं. खालच्या खणात एक गोधडी होती, जीन्सच्या कातरणांची, काकूंनी स्वतः शिवलेली आणि शेवटपर्यंत पांघरलेली.

"धुतली नाही मी," काका म्हणाले. "ठकी रोज संध्याकाळी इथे येते. कपाट उघडून द्यायचं. मग ती गोधडीत तोंड खुपसते आणि पंजांनी कणीक मळल्यासारखं करते. ती मळते तोवर मला कळतं, आहे अजून. मला स्वतःला काय कळणार? आज मी कपाट उघडलं, तर आलीच नाही. आता तिचं नाक चोंदलंय की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग हळूच म्हणाले, "बघतेस का?"

मी खाली बसले आणि गोधडीच्या घडीत तोंड घातलं. वर फिनेल होतं. त्याच्या खाली ठकी. मी आणखी आतली घडी उलगडली, डोळे मिटले, आणि एकदम खोबरेल तेल, नव्या जीन्सची खळ आणि काकू जेवणानंतर चघळायच्या तो ओवा. माझी आई गेली त्या दिवशी ज्या खांद्यावर डोकं टाकून मी रडले होते, तो खांदा. मला काकूंची इतकी आठवण येत होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

डोळे पुसत मी मान वर केली. काका माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.

"आहे म्हणजे," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"बुडाचा?"

"बुडाचा."

"मग लाव, कपाट लाव लवकर," काका म्हणाले, "उडून जाईल." आणि मी उठायच्या आत त्यांनी स्वतःच दार लोटलं आणि दोन्ही हात त्यावर दाबून तसेच उभे राहिले.