राजपाल मास्तरांच्या भाषांतरातील तफावत

मैलूरच्या कृपाद्वार मंडळीत दर रविवारी उपदेश एकच असतो, पण तो दोनदा होतो. पास्टर रविकुमार कन्नडमध्ये एक वाक्य बोलून थांबतात. शेजारी उभे असलेले राजपाल मास्तर तेच वाक्य मराठीत सांगून थांबतात. उजवीकडच्या खुर्च्या कन्नड, डावीकडच्या मराठी. ही व्यवस्था अकरा वर्षं सुरळीत चालू होती. जे काम अकरा वर्षं सुरळीत चालतं त्यात कुठंतरी मोठी अनियमितता असतेच, हे मी तालुका कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळून शिकलो आहे. तरी मंडळीचा चिटणीस असूनही मी गप्प होतो, कारण मला कोणी लेखी विचारलं नव्हतं.

वास्तविक भाषांतराची गरज कोणालाच नव्हती. आमच्या बीदरात माणूस भाजीचा भाव कन्नडमध्ये विचारतो, तो मराठीत पाडतो आणि भांडण झालंच तर उर्दूत करतो. पण भाषांतर बंद करायचं म्हटलं तर दोहोंपैकी कोणती भाषा बंद करायची, असा प्रश्न आला असता. म्हणून ते चालू राहिलं. मराठी चालू असताना कन्नड बाजू मोबाइल बघायची आणि पास्टर आपलं पुढचं वाक्य जुळवायचे, कन्नड चालू असताना मराठी बाजू मोबाइल बघायची. प्रत्येकाला अर्धा उपदेश आणि अर्धी विश्रांती मिळत होती, आणि कोणाचीही तक्रार नव्हती.

तक्रार आली ती कृतज्ञतेतून. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे साक्षी होतात. म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं. त्या रविवारी कोहिनूर गावच्या नागम्मा उठल्या. साठीच्या पुढची बाई, दर रविवारी पहिल्या बसनं येणारी, अकरा वर्षांत कधी तोंड न उघडलेली.

"पास्टरअण्णा," त्या म्हणाल्या, "मागल्या आईतवारी तुमी सांगितलं, की देवापुढं यायच्या आधी ज्याच्याशी बोलणं बंद हाय त्याच्याकडं जावा. मला झोप न्हाई लागली. माझी जाऊ हाय, चन्नव्वा. बारा वर्सं झाली, एकाच नळावर आमी दोघी दोन टायमाला जातो, तोंड नको दिसाया म्हणून. बुधवारी मी तिच्या टायमाला गेले. तिनं माझी घागर उचलून दिली. एवढंच हाय. तुमचे लई उपकार झाले."

मराठी बाजू डोळे पुसू लागली. कन्नड बाजूनं मोबाइल ठेवून टाळ्या वाजवल्या. पास्टरही हसले, आणि हसता हसता मध्येच थांबले. प्रार्थनेनंतर त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं.

"मी असं कधी बोललो?"

मी टिपणवही काढली. मागच्या रविवारी बायबलातलं वचन त्याच अर्थाचं वाचलं होतं, हे खरं. त्यानंतर पास्टरांनी चाळीस मिनिटं बेंगळूरची परिषद, तिथलं हॉटेल आणि आपल्या व्यासपीठावर आणलेला पांढरा सोफा यांविषयी उपदेश केला होता.

"मग ही बाई कुणाचे उपकार मानायलीय?"

"आपले."

"ते ठीक आहे," पास्टर म्हणाले. "पण कशासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी भाषांतर निष्ठा चौकशी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष म्हणून मंडळीतले ज्येष्ठ सिद्धलिंगप्पा, सदस्य म्हणून शाळेच्या मुख्याध्यापिका मल्लेश्वरीअक्का, आणि चिटणीस मी. कार्यकक्षा एका वाक्याची होती: मराठी उपदेश हा कन्नड उपदेशाशी एकनिष्ठ आहे किंवा कसे. पास्टरांनी हळव्या आवाजात बजावलं, की सुवार्तेशी, म्हणजे प्रभूच्या वचनाशी, निष्ठा हाच आपल्या मंडळीचा पाया आहे. फाटकावरच्या फलकावर तसं लिहिलेलंही आहे.

मंडळीच्या मोबाइलमध्ये एक्केचाळीस रविवारांचं ध्वनिमुद्रण निघालं. ते ऐकून मी तक्ता तयार केला. पहिल्या रकान्यात कन्नड, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात तफावत. नमुन्यादाखल दोन नोंदी देतो.

कन्नड: "मी लिफ्टमध्ये शिरलो, बटण दाबलं, थेट सातवा मजला! विश्वासणाऱ्याचं आयुष्य असंच वर जातं." मराठी: "प्रभू खाली आला. आपल्यासाठी खाली आला." तफावत: सात मजले.

कन्नड: "परिषदेत मला पहिल्या रांगेत बसवलं." मराठी: "मागं बसलेल्या माणसाचं नाव देवाला ठाऊक असतं." तफावत: अंदाजे तीस रांगा.

प्रभूचं नाव कन्नड रकान्यात एक्केचाळीस रविवारांत सहा वेळा आलं होतं, त्यांपैकी चार वेळा नव्या ध्वनिक्षेपकाबद्दल आभार मानताना. मराठी रकान्यातली संख्या मोजणं मी तिसऱ्या रविवारी सोडून दिलं. पास्टर सोफ्यावर होते तेवढा सगळा वेळ मास्तरांनी "आधी जा, समेट कर, मग ये" एवढंच निरनिराळ्या शब्दांत सांगितलं होतं.

हे काम एकोणीस दिवस चाललं. मी कन्नड बाजूला बसणारा माणूस. अकरा वर्षं मास्तर माझ्यापासून दहा हातांवर बोलत होते आणि मी तेवढ्या वेळात क्रिकेटचा स्कोअर पाहत होतो. आता कानाला मोबाइल लावून ते ऐकावं लागलं. माझा धाकटा भाऊ मारोती अफजलपूरला असतो. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत माझं, सख्ख्या काकाचं, नाव तिच्या मावशीच्या नवऱ्याच्या खाली छापलं, तेव्हापासून नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. समेटाची ती वाक्यं मी तक्त्यात उतरवली तेव्हा मला रडू आलं. मी ते तपशिलात घेतलेलं नाही.

सुनावणीला राजपाल मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. कोहिनूरच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून वर्गातलाच. भाषांतराचं त्यांना काही मिळत नसे. पण बायको गेल्यापासून त्यांचा आठवडा त्या एका तासावर उभा होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"मास्तर, पास्टर लिफ्टमधून वर गेले," सिद्धलिंगप्पा तक्ता पाहत म्हणाले. "तुम्ही प्रभूला खाली कामून आणलं?"

"अण्णा, पास्टरसाहेब पयले वचन वाचतेत. तितपर्यंत मी त्यांच्या संगं असतो. मग ते बेंगळूरला जातेत. मला तिकडची वाट ठाऊक न्हाई. म्हणून मी वचनापाशीच थांबतो, ते माघारी येईस्तोवर."

"आणि ते माघारी आलेच नाहीत तर?" मल्लेश्वरीअक्कांनी विचारलं.

"आमेनला येतेतच की."

मल्लेश्वरीअक्कांनी पेन खाली ठेवलं. "मला एवढंच सांगा, मास्तर जे बोलले ते सुवार्तेत आहे की नाही?"

"आहे," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "पण ते आपल्या कार्यकक्षेत नाही."

मतं पडली. मास्तरांना ठेवावं, असं अक्कांचं मत. काढावं, असं अध्यक्षांचं. दोघंही माझ्याकडे बघू लागले. मास्तरही बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि मला तेच सहन होईना. हा माणूस व्यासपीठावर राहिला तर मला दर रविवारी त्याचं ऐकावं लागेल, कारण आता मला क्रिकेट बघता आलं नसतं. आणि ऐकावं लागलं तर एके दिवशी अफजलपूरला जावं लागेल. मी मत दिलं, की भाषांतरकाराची निष्ठा वक्त्याशी असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मत शुद्ध होतं. त्याला आजही कोणी आव्हान देऊ शकणार नाही.

मास्तर उठले, आम्हा तिघांना नमस्कार करून गेले. त्यांच्या जागी, दोन्ही भाषांतला अनुभव पाहून, माझी नेमणूक झाली.

मी अत्यंत एकनिष्ठ भाषांतर करतो. पास्टर सातव्या मजल्यावर गेले की मीही जातो. पहिल्याच रविवारी मराठी बाजूला सोफा जसाच्या तसा पोचवला, गादीच्या जाडीसकट. प्रार्थनेनंतर नागम्मांनी मला दारात गाठलं.

"दादा, पास्टरअण्णाला बरं न्हाई का?"

"बरं आहे की."

"मग आज असं कामून बोलायलेत?"

मराठी बाजूला वाटलं, पास्टर बिघडले. पंधरा दिवसांत बावीस अंगठ्यांचा आणि नऊ सह्यांचा अर्ज आला: आमचे पास्टर अकरा वर्षं सुवार्ता सांगत होते, अलीकडे ते तीपासून ढळले आहेत, तरी त्यांच्यासाठी उपास-प्रार्थना ठेवावी. पास्टरांना हे फार लागलं. "मी अकरा वर्षं हेच बोलतोय," ते सगळ्यांना सांगत सुटले. ते अक्षरशः खरं होतं. तक्ता त्याला पुरावा आहे.

अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला. पण नंतर मराठी बाजूला एक वेगळाच प्रकार सुरू झाला. मास्तर शेवटच्या खुर्चीवर येऊन बसू लागले. ते बोलत नसत. पास्टर वचन वाचत, मास्तर मांडीवरचं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून ते वचन काढत, आणि आम्ही दोघं पुढं निघून गेलो तरी ते पान उलटत नसत. मग नागम्मा त्यांच्या शेजारी बसू लागल्या. वाचता येत नाही म्हणून त्या नुसतं ओळीवर बोट ठेवत आणि मास्तर पुटपुटत. हळूहळू चार खुर्च्या तिकडं सरकल्या, मग अकरा. एक दिवस उजवीकडची दोन माणसंही कन्नड शास्त्र घेऊन तिकडं जाऊन बसली. व्यासपीठावरून नुसती खाली घातलेली डोकी दिसू लागली.

पास्टरांनी समितीला पुन्हा पाचारण केलं. मल्लेश्वरीअक्का आल्या नाहीत. सिद्धलिंगप्पांनी मजकूर सांगितला, मी शब्द घातले: "उपदेश चालू असताना पवित्र शास्त्र उघडे ठेवल्यास उपदेशातील तफावत निदर्शनास येण्याचा धोका संभवतो. सबब, सुवार्तेशी मंडळीची निष्ठा अबाधित राहावी म्हणून, उपदेश संपेपर्यंत सर्वांनी शास्त्र मिटून ठेवावे."

मागच्या रविवारी हा ठराव मंडळीपुढे मांडला. पास्टरांनी कन्नडमध्ये वाचला, मी मराठीत. मग दोन्ही भाषांत विचारलं, की कोणाचा विरोध असल्यास त्यांनी उभं राहावं. दोनशे माणसं होती. प्रश्न सगळ्यांना दोनदा कळला होता.

नागम्मा उभ्या राहिल्या.

"बसा," मी म्हणालो. "तुम्हाला प्रश्न समजला नाही."

"समजलं म्हणूनच उभारले की, दादा."

त्यांच्या शेजारी राजपाल मास्तर उठायला लागले. त्यांच्या गुडघ्यांना वेळ लागतो. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा नागम्मांच्या खांद्यावर. ते पुरते उभे व्हायच्या आत मी 'सर्वानुमते मंजूर' असं दोन्ही भाषांत जाहीर केलं आणि पेटीवाल्याला गाणं सुरू करायची खूण केली.

तुम्ही म्हणाल, आम्ही तिथं असतो तर उभे राहिलो असतो. त्या दिवशी सकाळी घरातून निघताना मीही बायकोला हेच सांगितलं होतं, की आज मी विरोधात उभा राहणार.