पाचच्या आंघोळीचा मान

एका जंगलात, मुलांनो, अस्वलांची लेक शलाका सात डोंगरांपलीकडच्या शाळेत शिकून परत आली. तिला वाटलं होतं, आपली मंडळी अजून ओढ्यात डुंबत असतील. पाहते तर गुहेत गीझर! नरकचतुर्दशीला लावलेला तो होळी जवळ आली तरी चालूच.

"बंद का नाही करत, आई?"

"अगं, आजोबांच्या आधी कुणी आंघोळ करायची नाही. आणि ते कधी करतील याचा नेम नाही. म्हणून पाणी आपलं तापलेलं बरं."

प्रत्येक घरात हीच रीत होती. आणि प्रत्येक घरात एक आजोबा होते.

जंगलाची सगळी वीज ओढ्यावरच्या एका चाकातून येई. तारेच्या शेवटच्या टोकाला टिटवीचं घरटं होतं. पहाटे ती चाऱ्याला जाई, तेव्हा तिच्या चार अंड्यांना एक बल्ब ऊब देई. गीझरांमुळे तो बल्ब सदा मिणमिणता.

"पिल्लं बाहेर यायला चारच दिवस राहिलेत," टिटवी म्हणाली. "तेवढी ऊब टिकव गं बाई!"

शलाका तडक घरी गेली. तिने शाळेतून पेटीभर टायमर आणले होते. एक घरच्या गीझरला लावला. पहाटे पाच ते साडेपाच. मग ती खडकावर चढली आणि तिने भाषण केलं. आश्चर्य म्हणजे ते सगळ्यांना पटलं. संध्याकाळपर्यंत घरोघरी टायमर लागले. वेळही तिचीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सगळे गीझर एकदम सुरू झाले. चाक कण्हलं आणि थांबलं. बल्ब विझला. टिटवी उपाशीपोटी अंड्यांवर बसून राहिली. सगळ्या आजोबांनी गार पाण्याने आंघोळ केली. पण पाचला.

"तरसकाका, तुम्ही सहा घ्या ना!" शलाका विनवू लागली.

"आणि कोल्ह्याचे आजोबा पाचला? आमच्या आजोबांच्या आधी? जमणार नाही."

कोल्हीणकाकू म्हणाल्या, "आम्ही मागे सरलो तर तरसीण जन्मभर टोमणे मारील!"

शलाका रडकुंडीला येऊन घरी आली. आजोबा कुडकुडत चहा पीत होते.

"आजोबा, तुम्हीही पाचच धरून बसणार?"

"मी? पोरी, मी जन्मात पाचला उठलो नव्हतो. तू मला विचारलंस कुठे?"

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत शलाकाने ठरवलं, आता भाषण बंद. पाचची वाट पाहत सगळे जागेच होते. ती एकेका दारी गेली आणि कानात कुजबुजली, "पाचला काय, सगळेच करतात. तुमच्या आजोबांसाठी खास वेळ काढलीय. कुणाला बोलू नका हं, नाहीतर सगळेच मागतील."

तरसाला सात दिले. कोल्ह्याला आठ. घरच्या टायमरवर दहा.

पाच वाजले. चाक फिरत राहिलं. टिटवी चाऱ्याला उडाली.

तात्पर्य: एकीचे बळ फार मोठे असते. म्हणून पाणी तापवताना एकी करू नये.