आभारांनी भरलेला फियॉर्ड

मासे पाळणाऱ्या ओस्मुनला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की सॅल्मन माशांच्या सहा पिंजऱ्यांत प्राणवायू किती उरलाय. फियॉर्डचं, डोंगरांत शिरलेल्या त्या अरुंद खाडीचं, पाणी तापलं होतं, मासे वर येऊन तोंडं उघडत होते. आणि टूर्डिसनं दोन वर्षं खपून पाण्याखाली बसवलेली प्राणवायू मोजणारी यंत्रं बोलत होती भरपूर, पण आकडा एकही देत नव्हती.

पाण्याखाली रेडिओ चालत नाही, आवाज चालतो, आणि त्याची वाट सगळ्यांत मिळून एकच. सहा यंत्रं एकदम बोलली तर मासळीबाजार व्हायचा. म्हणून टूर्डिसनं बोटीवरच्या मुख्य यंत्राला नियम घालून दिला होता: जे बोलणं स्वच्छ पोचेल, त्याला जास्त वेळ द्यायचा.

"मग पोचतंय काय?" ओस्मुननं विचारलं.

टूर्डिसनं पडद्याकडे पाहिलं. "आभार."

तिचा सहकारी आइविन कानापर्यंत लाल झाला. बोलायची पाळी मिळाली की यंत्रानं आभार मानावेत, मुख्य यंत्रानंही उलट मानावेत, ही भर त्याची. त्या किनाऱ्यावर जेवणाचे, कामाचे, अगदी गेल्या भेटीचेही आभार मानतात. त्याला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. पण आभार इवलेसे, ते बिनचूक पोचत. आकड्यांची लांबलचक ओळ वाटेतच तुटे. मग नियमाप्रमाणे आभारांना जास्त वेळ मिळाला, आणि त्या वेळेबद्दलही आभार आले. सकाळपासून हेच चाललं होतं.

"मी आपली नमुना काढायची जुनी बाटली सोडतो पाण्यात," ओस्मुन म्हणाला. "तुझी यंत्रं तू घेऊन जा, टूर्डिस."

टूर्डिसनं घाईघाईनं सगळे आभार काढून टाकले. आकडे धडाधड आले. चौथ्या पिंजऱ्यातला प्राणवायू संपतच आला होता. ओस्मुन हवेच्या पंपाकडे धावला. तासाभरानं मासे निवांत खाली गेले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

धक्क्यावर त्यानं आकड्यांचे आभार मानले. टूर्डिसनं कॉफीचे मानले. मग त्यानं, तिनं धीर न सोडल्याचे मानले. आइविनला गेल्या खेपेचं माशाचं सूप आठवलं, ओस्मुनला त्याच वेळी आइविननं आणलेला केक. फेरीबोटीनं भोंगा दिला. कुणीतरी वाक्य अर्धवट टाकून पळायला हवं होतं, पण तिघांत तेवढा उद्धट कुणी नव्हता. शेवटची बोट गेली.

ओस्मुनच्या बायकोनं, गुनवोरनं, आणखी दोन ताटं मांडली. बटाटे वाफाळत होते. या माणसांबद्दल टूर्डिसला फार कृतज्ञ वाटलं, आणि जेवण झाल्यावर तिनं ते मनापासून सांगितलंही.

ओस्मुननं घसा खाकरला. "माझ्या यंत्रांनाही दिवसातून एकदा आभार मानू दे गं. इतकं तुसडं वागणं शोभत नाही त्यांना."

काही तासांपूर्वीपर्यंत ती टूर्डिसची यंत्रं होती.

"एकदाच हं," ती म्हणाली.