उबवणी केंद्राचं उद्घाटन

एका वर्षात आमच्या कोचाबांबा शहराचं नाव साऱ्या खंडात गाजवून दाखवीन, असं मी बोलून गेले होते. कुणाजवळ, तर भेटेल त्याच्याजवळ. आईजवळ, भाजीवालीजवळ, दातांच्या डॉक्टरजवळ. "बघालच तुम्ही, या गावात दर आठवड्याला एक नवी कंपनी जन्माला येईल," मी डॉक्टरांना म्हणाले. ते म्हणाले, "आ करा."

पण माझा राग खरा होता. आमच्या गावातली संगणकात डोकं चालणारी मंडळी एकमेकांना भेटायची ती फक्त निरोपसमारंभात. कुणी साओ पावलोला चाललंय, कुणी माद्रिदला. आपण केक खायचा, गळ्यात पडून रडायचं, आणि तिथेच कळायचं की कोपऱ्यात उभा असलेला तो दाढीवालाही याच धंद्यातला आहे, फार हुशार आहे, आणि पुढच्या महिन्यात तोही निघालाय. असे केक खाऊन खाऊन मला पित्त झालं होतं. शेवटी मी चांगली नोकरी सोडली आणि ठरवलं, या सगळ्यांना एका छताखाली आणायचं. जागा द्यायची, सल्ला द्यायचा, पैसा लावणारा माणूस गाठून द्यायचा. जगात अशा जागेला उबवणी केंद्र म्हणतात. हे नाव मी माझ्या मनाने काढलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

ब्रेक दुरुस्तीच्या दुकानावरचा हॉल घेतला. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचे जुने संगणक मिळाले, ते ओळीने मांडले. सुरू केले की भट्टीसारखे तापायचे. सोबतीला वाल्दोला ओढलं. वाल्दो माझा शाळेपासूनचा मित्र. तारा, यंत्रं, सेन्सर यांत त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण त्याला सांतियागोहून नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"शनिवारी तुझं उद्घाटन बघतो, मग ठरवतो," तो म्हणाला.

तेव्हापासून माझी झोप उडाली. जेवतानाही माझा पाय टेबलाखाली एवढा हलायचा की आई सूपची वाटी हातात धरून बसायची. नुसती पत्रकं लावून काय होणार? मी कासिल्दा मावशीला गाठलं. मावशी बाजारपेठेच्या रेडिओवर सकाळी बोलते. हरवलेली कुत्री, कुणाच्या नावाची प्रार्थना, आज कुठे रास्ता रोको आहे, सगळं तिच्याकडून कळतं. अर्धं खोरं तिला ऐकतं. मी तिला एक पानभर मजकूर लिहून दिला.

तिने चष्मा लावला, काढला. "पोरी, हे वाचून होईस्तोवर लोक बाजार करून घरी पोचतील. मी माझ्या शब्दांत सांगते."

"सांग, पण सगळं सांग."

"स्पॅनिशमध्ये सांगते, खेड्यातल्या लोकांसाठी केचुआतही सांगते. मग तर झालं?"

मी रेडिओला कान लावून बसले होते. मावशी म्हणाली, "माझ्या भाचीचं, नेलिदाचं उबवणी केंद्र शनिवारी दुपारी उघडतंय. तुमच्याजवळ जे असेल ते घेऊन या, फुकट ऊब मिळेल." तसं चुकीचं काही नव्हतं. मग तिने केचुआ सुरू केलं. ते बरंच लांबलं, रंगलं, मध्ये ती हसलीसुद्धा. माझी आजी केचुआ बोलायची, मला मात्र त्यातलं माझं नाव आणि रस्त्याचं नाव एवढंच कळलं. पण काय आपुलकीने सांगतेय, म्हणून मी डोळे पुसले.

शनिवारी दुपारी मी खुर्च्या गोल मांडल्या, मग रांगेत मांडल्या, मग परत गोल. वाल्दो खिडकीत बसून संत्रं सोलत होता.

"नेली, जरा बस."

"बसलेच आहे मी."

"तू उभी आहेस."

तेवढ्यात साल्तेन्यांची, म्हणजे आमच्याकडच्या रसदार सारणाच्या भाजलेल्या करंज्यांची, खोकी आली. वाल्दोने झाकण उघडून माझ्याकडे पाहिलं. "चार वाजता साल्तेन्या?" खरंच माझं चुकलं होतं. आमच्याकडे साल्तेन्या खायची ती सकाळी, कोपराला रस ओघळवत. दुपारनंतर ती खाणाऱ्याकडे लोक असं बघतात, जणू तो झोपेच्या कपड्यांत लग्नाला आलाय.

मग पाहुणे आले. दहा-अकरा जण. सगळे भिंतीला पाठ लावून, आपापल्या फोनमध्ये तोंड खुपसून उभे राहिले. कुणी कुणाशी बोलेना. एक मुलगी, रोक्साना तिचं नाव, मला हळूच म्हणाली, "अजून कुणी येणार आहे का? नाही, मी थांबेन, पण विचारते." वाल्दोने दुसरं संत्रं काढलं. मला ते सांतियागोचं विमान डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

आणि खालून आवाज आला. माणसांचा, पुष्कळ माणसांचा. मी खिडकीत धावले. ब्रेकच्या दुकानापासून कोपऱ्यापर्यंत रांग. घेरदार घागरे घातलेल्या, टोप्या घातलेल्या बायका, रबरी चपला घातलेले पुरुष, आणि मागून एक ट्रक अजून माणसं उतरवतोय.

"वाल्दो, बघ, बघ. आणि तू म्हणे या गावात काही होत नाही."

वाल्दोने वाकून पाहिलं. "त्यांच्या हातात ट्रे कसले आहेत?"

"खायला आणलं असेल. आपली माणसं कधी रिकाम्या हाताने येतात का?"

पहिली जिना चढून आली ती दोन्या बाल्बिना, म्हणजे बाल्बिनाबाई. पुनाता गावाकडच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख, हे तिने दम लागलेला असतानाच सांगितलं. पाठीवर रंगीत कापडात बांधलेलं काहीतरी होतं, ते तिने मूल उतरवावं तसं जपून उतरवलं. मी तिचा हात हातात घेतला.

"एका वेळी किती घेता?" तिने विचारलं.

"पहिल्या खेपेला दहा."

"दहाच? मुली, माझ्या एकटीचीच कितीतरी आहेत."

"कितीतरी?" माझा ऊर भरून आला. खेड्यापाड्यांत एवढ्या कल्पना पडून आहेत आणि आम्हाला पत्ता नाही. "आम्ही निवडून घेतो. थोडेच, पण दमदार."

"बरं. आणि किती दिवस ठेवता?"

"सहा महिने."

"सहा महिने? अगं, एकवीस दिवसांत निघतात."

"ती घाईची कामं, दोन्या बाल्बिना. आमच्याकडे मुरू देतात."

तिने मागे वळून केचुआत काहीतरी सांगितलं. जिन्यात कुजबुज झाली. "आणि मरतात किती?"

हा प्रश्न मला फार आवडला. एवढा सरळ प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मीही सरळ उत्तर दिलं. "खोटं कशाला बोलू? दहातले नऊ मरतात. साऱ्या जगात तेच होतं. त्यातून शिकायचं असतं."

"नऊ मरतात, आणि ही हसतेय," बाल्बिना म्हणाली.

"आणि जो एक जगेल, त्यात थोडा हिस्सा आमचा."

यानंतर जे झालं त्याला वेळ लागला नाही. माझं बोलणं पायरीपायरीने खाली गेलं आणि प्रत्येक पायरीवर फुगत गेलं. खाली पोचेपर्यंत मी अंडी सहा महिने डांबून ठेवणारी, पिल्लं मारणारी, वर हिस्सा मागणारी बाई झाले होते. शिवाय बड्या पोल्ट्रीवाल्यांची हस्तक. कापड सुटलं तेव्हा मला आत अंडी दिसली. पांढरी, तांबूस, निळसर, गावठी कोंबड्यांची.

आमच्या गावात माणूस रागावला की ओरडत बसत नाही, रस्ता अडवतो. ब्रेकवाल्याचे जुने टायर बाहेर आले, रस्ता बंद. अडकलेले मिनीबसवाले खाली उतरले, आणि आता थांबलोच आहोत तर म्हणून त्यांनी डिझेलची मागणी पुढे केली. मग गल्लीतले लोक पाण्याची मागणी घेऊन आले. माझ्या उद्घाटनाच्या रास्ता रोकोत थोड्याच वेळात माझं नावही उरलं नाही.

मी मावशीला फोन लावला. "केचुआत तू काय सांगितलंस?"

"तेच की. अंडी आणा, ऊब देऊ, शिकलेली माणसं लक्ष ठेवतील. तुझ्या त्या स्टार्टअपला केचुआत काय म्हणतात, मला काय ठाऊक? मी म्हटलं, उबवणी म्हणतेय म्हणजे अंडीच असणार."

याच वेळी अराउससाहेब आले. पैसा लावणारा माणूस म्हणून मी उद्घाटनाला बोलावलेले ते हेच. खाली मैदानातल्या सांताक्रूस शहराच्या उकाड्यातले गृहस्थ, आमच्या थंडीच्या धास्तीने पिसं भरलेलं जाड जाकीट घालून आलेले. टॅक्सी अडवली गेली तेव्हा त्यांनी काच खाली करून सांगितलं, "मला जाऊ द्या, मी उबवणी केंद्रात पैसे घालणारा आहे." दोन बायकांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून वर आणलं आणि गोलातल्या मधल्या खुर्चीवर बसवलं.

"मरणाऱ्या पिल्लांत पैसे घालणारा तो हाच का?" बाल्बिनाने विचारलं.

अराउससाहेबांनी क्षणभर विचार केला. प्रामाणिक माणूस. "थोडक्यात सांगायचं तर, हो."

मला हात जोडून सगळ्यांची समजूत घालावी लागली. इथे अंड्यांचं यंत्र नाही, कधी नव्हतं, हे फक्त नाव आहे. मला वाटलं, आता खुर्च्या उडणार. पण बाल्बिना जमिनीवरच बसली. हिवाळ्यात रोग येऊन त्यांच्या बहुतेक कोंबड्या मेल्या होत्या. उरल्यासुरल्या कोंबड्यांची ही अंडी. बडी केंद्रं असली बारकीसारकी अंडी घेत नाहीत. "ही गेली की आमचं वाण संपलं," ती म्हणाली. "रेडिओवर ऐकलं तेव्हा आमच्यातली एक रडलीसुद्धा."

रेडिओ ऐकून रडलेली मी एकटीच नव्हते तर.

तोवर ऊन गेलं होतं आणि थंडी उतरायला लागली होती. मी खाली जाऊन मिनीबसवाल्यांच्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं. "या बायकांना जाऊ द्या, अंडी गार पडतायत."

"ताई, रस्ता त्यांनीच अडवलाय."

"आता त्याच सोडा म्हणतायत."

"मग आमच्या डिझेलचं काय?"

वर आले तर वाल्दो बाल्बिनासमोर उकिडवा बसला होता. "किती ऊब लागते?"

"कोंबडीच्या पोटाखाली असते तेवढी."

"म्हणजे किती अंश?"

"कोंबडीला विचार."

भिंतीजवळून रोक्साना म्हणाली, "माझ्या बॅगेत तापमापक सेन्सर आहे." तिच्या शेजारचा एक दाढीवाला म्हणाला, "तू पण हेच काम करतेस? मी दोन वर्षं एकटाच डोकं फोडतोय." भिंतीला चिकटलेल्या पाठी सुटल्या. कुणीतरी जुने संगणक सुरू केले आणि त्यांना कसलीतरी निरर्थक आकडेमोड करायला लावली, नुसतं तापावं म्हणून. त्यांच्याभोवती खोकी रचली, खोक्यांवर बायकांच्या शाली, आत पाण्याच्या वाट्या. "कुणीतरी दार लावा, वारा येतोय," मी ओरडले. वाल्दो आणि बाल्बिनाचं अंडी फिरवण्यावरून कडाक्याचं भांडण झालं. बाल्बिनाचं म्हणणं, वाईट नजरेच्या माणसाने वाकून पाहिलं तर अंडं कुजतं, तेव्हा मिनीबसवाल्यांना वर येऊ देऊ नका. तेही लिहून घेतलं गेलं. अराउससाहेबांचं जाकीट एका ट्रेवर गेलं, आणि दुसरा ट्रे त्यांच्या मांडीवर. ते बिचारे श्वाससुद्धा बेतानं घेत होते. "हलू का?" ते मधूनच विचारत. बाल्बिना म्हणे, "नको."

भूक लागली तेव्हा सगळ्यांनी गार साल्तेन्या खाल्ल्या, एकमेकांकडे न बघता.

अंधार पडता पडता रस्ता मोकळा झाला, पण ऊब लागलेली अंडी हलवणार कोण? ती तिथेच राहिली. बायका आळीपाळीने राहायला आल्या. ती दहा-अकरा मुलंही रोज यायला लागली, आणि आपल्या मित्रांना आणायला लागली. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. बोलणं चालायचं ते ऊब, ओल आणि वीज गेली तर काय करायचं याचंच. अराउससाहेब सांताक्रूसहून रोज फोन करायचे. मी कंपन्यांबद्दल सांगायला लागले की म्हणायचे, "ते असू दे, माझा ट्रे कसा आहे?" पुढे त्यांनी पैसे लावले ते वाल्दो आणि रोक्सानाने बनवलेल्या अंडी उबवायच्या खोक्यात.

पिल्लं निघाली. सगळी नाही, पण बाल्बिनाचं वाण पुढे चालण्याइतकी निघाली. ती एकेका पिल्लाला उचलून नाकाला लावत होती, आणि हॉलभर चिवचिवाट चालला होता.

त्या गडबडीत मी वाल्दोला बाजूला घेतलं. त्याने त्या सोमवारी सांतियागोला नकार कळवला होता. का, ते मात्र मी अजून विचारलं नव्हतं. माझा अंदाज होता, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"वाल्दो, खरं सांग. त्या शनिवारी माझं कोणतं वाक्य तुला भिडलं?"

एक पिल्लू वाल्दोच्या बाहीत शिरत होतं, त्याला त्याने बाहेर काढलं.

"ते नाही का तू म्हणालीस," तो म्हणाला, "'कुणीतरी दार लावा, वारा येतोय.'"