पॅकिंगच्या कपाटाची चौकशी

त्या दिवशी मी चष्मा पुसायला नको होता. महिनाभर तो धुरकट होता आणि जग ठीक चाललं होतं. पण ऑगस्टातल्या एका गुरुवारी सकाळी मला काय बुद्धी झाली कोण जाणे, बनियनच्या टोकाने काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवल्या, आणि आमच्या लाकडी कपाटाच्या दारावर पंखवाले पाच-सहा किडे फिरताना दिसले. बरं, दिसले तर गप्प बसावं. पण एकतीस वर्षं कंपनीच्या टाइम ऑफिसात कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं, हे लिहिण्यात गेली. तोंडातून निघून गेलंच, "हे कोण आले?"

सून पूनम घरून काम करत होती. ती लॅपटॉप सोडून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, ही वाळवी आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आमच्या घरात ही वाईट खूण आहे.

आता हे एवढं गंभीर का, ते सांगतो. दिवाळीनंतर आम्ही थेरगावचं हे घर सोडून मोशीला नव्या फ्लॅटमध्ये जाणार आहोत. मुलाने, निरंजनने, तिथे भिंतीतच कपाटं करून घेतलीत. त्यांची दारं उघडायची कशी, हे मला अजून कळलेलं नाही. बरोबर काय न्यायचं याची यादी पूनमने केली होती. त्यात माझं कपाट बऱ्याच भांडणानंतर शेवटच्या ओळीत आलं होतं, आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'बघू'. कपाटाला वाळवी ठरली, की त्या 'बघू'चं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

हे कपाट साधं नाही. सत्त्याऐंशी साली कंपनीत जर्मनीहून एक अवाढव्य मशीन आलं. मशीन शॉपमध्ये गेलं आणि त्याची खोकी आमच्या घरात आली. म्हणजे सगळ्यांच्याच. त्या काळी या पट्ट्यात निम्म्या कामगारांचे संसार पॅकिंगच्या लाकडावर उभे होते. अर्ज करायचा, गेटपास करून घ्यायचा आणि फळ्या हातगाडीवर टाकून घरी आणायच्या. कुणाचा पलंग झाला, कुणाचं देवघर. माझं कपाट लालमहंमदने केलं. तेव्हा तो माझ्याच वयाचा, दांडगा सुतार. गुरुवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा वार. सलग चार गुरुवार तो रंधा मारायचा आणि मी समोर बसून सल्ले द्यायचो. (त्याने ते ऐकले नाहीत, म्हणून कपाट अजून उभं आहे.)

लाकडावरचे परदेशी शिक्के त्याने जपून आतल्या बाजूला घेतले. डाव्या दारावर 'भिजवू नका' सांगणारी छत्री आली, उजव्या दारावर 'फुटेल, जपा' सांगणारा पेला. वर कुठली बाजू ठेवायची ते सांगणारा बाण मात्र खाली बघतो, कारण ती फळी उलटी लागली. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तो पेला बराच वेळ न्याहाळला आणि मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "जावई घेतात का गं?" अजूनही दार उघडलं, की देवदाराचा मंद वास येतो आणि त्यामागून ग्रीसचा, भोंग्याचा आणि दुपारच्या कॅन्टीनचा. भोंग्याला वास नसतो हे मला माहीत आहे. या कपाटात आहे.

तर अशा कपाटावर आरोप ठेवला गेला. मी जाहीर केलं, "पुराव्याशिवाय कारवाई नाही. आधी चौकशी होईल."

"करा," आमची ही, म्हणजे विजयश्री, म्हणाली. "वर चढून बघाल तेव्हा धुळीने भरलेला पंखाही पुसून टाका, चष्मा पुसला तसा."

वाचनालयाचा मी जुना सभासद. त्याच संध्याकाळी घरातल्या किड्यांवरचं एक पुस्तक घेऊन आलो. खुणा सोप्या निघाल्या. मुंगीची कंबर बारीक असते. वाळवीचं अंग मात्र मानेपासून खालपर्यंत सरसकट, कंबर म्हणावी असं काही नाही. (इथे मी नकळत पोट आत घेतलं.) मुंगीच्या मिशा कोपरात दुमडल्यासारख्या, वाळवीच्या सरळ, बारीक मण्यांच्या माळेसारख्या. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे आखूड. शिवाय वाळवी उजेड टाळते, आडोशाने खाते. वरून सगळं धडधाकट दिसतं, आतून पोकळ झालेलं असतं.

दोन किडे पकडून मी औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवले. तेवढ्यात पूनमने किडे मारणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा नंबर दिला. "बाबा, त्यांना फोटो पाठवा, फुकट सांगतात."

मी फोटो काढला, पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, 'वाळवी. हेवी अटॅक. कपाट तातडीने हलवा.'

पूनमचा चेहरा पडला. मी चष्मा सरसावून पाठवलेला फोटो पुन्हा बघितला. त्यात किडा नव्हताच. माझा अंगठा होता.

"अंगठ्याला हेवी अटॅक आहे," ही म्हणाली. "डॉक्टरांना दाखवा."

तरीही पूनमचं समाधान होईना. "बाबा, एकदा पूर्ण रिकामं करून बघू या ना. मागची फळी काढू."

"रिकामं कशाला?" माझा आवाज थोडा चढला. "त्यात माझं खासगी सामान आहे."

"जुनी पंचकार्डं आणि तुटकी पेनं," ही म्हणाली. "त्यात कसलं आलंय खासगी?"

मी विषय बदलला आणि तज्ज्ञ बोलावला. साक्षात लालमहंमद! आता पंचाहत्तरीला आला, पण गुडघे सोडले तर सगळं शाबूत. पुढच्या गुरुवारी मोईज, त्याचा नातू, त्याला गाडीवर सोडून गेला. दारातूनच त्याची हाक आली, "साहेबराव! जिवंत आहात का राव?"

(माझ्या नावात साहेबही आहे आणि रावही. नोकरी मात्र क्लार्कची झाली.)

लालमहंमद कपाटापुढे उभा राहिला. दारावरून त्याने हात फिरवला, जुन्या मित्राच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग बोटाच्या पेराने ठिकठिकाणी ठोकून कान लावला.

"पोकळ वाजतं?" पूनमने विचारलं.

"बेटा, हे वाजतं कुठं? हे बोलतं." त्याने मान उचलली. "वाळवी नाही. माती नाही, भोक नाही. आमचं काम आहे हे."

मी डबी पुढे केली. भिंग घेऊन पूनमला एकेक खूण दाखवली. "कंबर बघ. बारीक. मिशा बघ. दुमडलेल्या. पंख बघ, पुढचे मोठे. सिद्ध झालं! मुंगी!" एकतीस वर्षांत मी कुठली केस जिंकली नव्हती. ही जिंकली. पूनमही मोकळेपणाने हसली. "सॉरी, बाबा. कपाट येणार मोशीला."

इथे मी सगळ्यांना चहाला बसवायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही. "मुंगी कधी विनाकारण येत नाही," मी पुस्तकातलं सांगून टाकलं. "तिला खाणं लागतं."

"बरोबर," ही शांतपणे म्हणाली. "मग या कपाटात खाणं कुठलं?"

लालमहंमद वाकून मुंग्यांची रांग बघत होता. ती खालच्या फळीच्या फटीत जात होती. त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, वहिनी! या तर थेट चोरकप्प्यात चालल्या!"

"कुठल्या चोरकप्प्यात?"

"हा काय!" अडतीस वर्षांपूर्वीच्या कारागिरीचा अभिमान त्याला आवरेना. त्याने फळीच्या कडेला अंगठा दाबला आणि फळी सरकली. "बघा, अजून लोण्यासारखी सरकते! साहेबरावांनीच सांगून करवून घेतला."

त्या वयात प्रत्येकजण चोरकप्पा करून घ्यायचा. ठेवायला काही नव्हतं, पण कप्पा होता. छत्तीस वर्षं तो रिकामा राहिला. मग डॉक्टरांनी माझी शुगर शोधून काढली आणि कप्प्याला नोकरी लागली.

आत गुळाचं एक ढेकूळ होतं. अर्धं मी खाल्लेलं, उरलेल्यावर मुंग्यांची पूर्ण शिफ्ट कामाला.

"हा कुणी आणला?" हिने विचारलं.

"ज्योतीरामने," मी म्हणालो. ज्योतीराम आमच्या कंपनीच्या फाउंड्रीत होता, आता राजगुरुनगरला असतो. धुळीच्या खात्यातल्या लोकांना कंपनी रोज गूळ द्यायची, घशातली धूळ जावी म्हणून. टाइम ऑफिसात धूळ फक्त फायलींवर. तरी ज्योतीराम रोज दुपारी माझ्या खिडकीतून अर्धा खडा आत सरकवायचा. "घ्या साहेबराव, तुमच्याबी घशात कागदं अडकली आसतील." भेटायला आला, की अजून आणतो. कपाट उघडून एक खडा तोंडात टाकला, की तीन मिनिटं मी छत्तीस वर्षांचा असतो. नाही म्हणणं जमत नाही हो.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी एकटा पडू नये म्हणून गेली दोन वर्षं ती बिनसाखरेचा चहा पिते. माझी शुगर का उतरत नाही, म्हणून आधी तिने भात बंद केला, मग बटाटा. मला कपाटातल्या त्या उलट्या बाणाच्या दिशेने, म्हणजे जमिनीत, जावंसं वाटलं.

तिने गूळ उचलला, मुंग्या झटकल्या, एक खडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग उघडले आणि मला मानेपासून खालपर्यंत निरखून बघितलं.

"लालमहंमदभाई, तुमचं चुकलं."

"काय वहिनी?"

"कंबर नाही. उजेडात खात नाही. वरून धडधाकट, आतून सगळं पोखरलेलं." तिने माझ्या छातीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. "घरात वाळवी आहे."

लालमहंमद इतका हसला, की त्याला धरून खुर्चीत बसवावं लागलं. पूनमने सामानाची यादी काढली. कपाटापुढचा 'बघू' नीट खोडला, आणि अगदी खाली एक नवी ओळ वाढवून तिथे माझं नाव लिहिलं.

त्याच्यापुढे, कंसात, 'बघू'.